विचारलं म्हणून सांगा

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बॅन्फ, मॅकडफ, पोर्टसॉय, गार्डन्सटाउन अशी दगडी गावं आहेत. उत्तरेचा वारा असा की कोळ्यांची जुनी घरं समुद्राकडे तोंड करायला धजत नाहीत. कडेची भिंत पुढे करून आडवी उभी राहतात. अशा प्रत्येक गावात एक बाई असते. वय सत्तरीच्या आसपास, पाऊस असो-नसो अंगात पावसाळी कोट, हातात चाकं लावलेली बाजाराची पिशवी. ती कुणाशी भांडत नाही, कुणाच्या चहाड्या करत नाही, कुणाच्या मयताला चुकत नाही. तिला तुमचे पैसे नको असतात, मत नको असतं आणि मदत तर मुळीच नको असते. तिला फक्त कळायला हवं असतं.

कधीकधी ही बाई पुरुषही असते. बंदराच्या कठड्याला टेकून उभा राहणारा निवृत्त दर्यावर्दी धंदा तोच करतो. पण त्याच्याबद्दल लोक म्हणतात, ‘त्याला जरा वारं खायला आवडतं.’ बाई त्याच कठड्याला टेकली की लगेच ती चौकशा करते. हा अन्याय जगभर सारखाच आहे, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.

या बाईच्या उद्योगाला तिकडच्या स्कॉट्स भाषेत एक क्रियापद आहे: ‘स्पीर’. लिहिण्याच्या तऱ्हा तीन-चार, उच्चार मात्र इंग्रजीतल्या भाल्याचाच. त्यामुळे लंडनकडून आलेल्या पाहुण्याला वाटतं, प्रश्न भाल्यासारखा खुपसतात म्हणून हा शब्द पडला असणार. तसं काही नाही. भाला वेगळ्या घराण्यातला आहे. आणि आमच्या रस्त्यावरच्या बाईंना खुपसाखुपशी मुळीच पसंत नव्हती.

नवऱ्याच्या तेलविहिरीवरच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड त्यांच्या रस्त्यावर गेलं. पहिली गाठ बसथांब्यावर पडली. बाईंनी आधी आभाळाकडे पाहून ‘ड्रीख’ असं म्हटलं. ड्रीख म्हणजे ओला, राखाडी, संपता न संपणारा दिवस. तिकडे बोलण्याची सुरुवात करायला हा शब्द वर्षातले बरेच दिवस उपयोगी पडतो. मग त्या म्हणाल्या,

“तू वरच्या अंगाला डॉक्टरांच्या घरात राहायला आलीस.”

“नाही, शाळेच्या मागे.”

“हां, शाळेच्या मागे. दोन खोल्या वर आहेत ते.”

“तीन.”

“तीन. म्हणजे मुलं आहेत.”

“एकच मुलगी. तिसरी खोली सासूबाई येतात तेव्हा लागते.”

“उन्हाळ्यात येत असतील.”

“नाही हो, त्यांना गुडघ्यांमुळे विमानात...”

बस आली तेव्हा सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याचं तीन आठवडे समुद्रात आणि तीन आठवडे घरी असं वेळापत्रक, घरभाडं आणि आम्ही बीफ का खात नाही याची समग्र कारणमीमांसा बाईंच्या पिशवीत जाऊन पडलेली होती. खिडकीशी बसल्यावर मी सगळं संभाषण पुन्हा मनात चालवून पाहिलं. त्यात बाईंचा एकही प्रश्न नव्हता. एकूण एक वाक्यं पूर्णविरामाची. त्यांनी फक्त विधानं केली होती आणि तीही बहुतेक चुकीची. चुकीचं विधान समोर ठेवलं की सांगलीची काय किंवा सिडनीची काय, शाळेत शिकलेली कुठलीही बाई ते दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

याला विचारणं म्हणायचं का? आपल्या अर्थाने नाही. पण ‘स्पीर’च्या मूळ अर्थाने अगदी तंतोतंत. जुन्या इंग्रजीत ‘स्पिरियन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता माग काढणं. ओल्या मातीत खूर उमटलेत, गवत अमुक बाजूला वाकलंय, फांदी ताजी मोडलीय, त्यावरून जनावर कुठे गेलं असेल ते ठरवत पुढे सरकणं. त्यातूनच चौकशी करणं हा अर्थ आला. इंग्लंडात ‘आस्क’ने जागा बळकावली आणि हा शब्द हळूहळू विझला. स्कॉटलंडने तो जपला. समुद्रापलीकडे तर तो चांगला नांदतो आहे. नॉर्वेत रोजचं साधं विचारणं म्हणजे ‘स्पोर्रे’, आइसलँडमध्ये ‘स्पिर्या’. जर्मनांनी त्याच घराण्यातलं ‘श्प्यूरेन’ जाणवण्याकडे नेलं, पण ‘श्पुर’ म्हणजे माग हे कायम ठेवलं. डचांचा ‘स्पोर’ आधी जनावराच्या मागाचा होता, आता आगगाडीच्या रुळांनाही तेच नाव आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शिकाऱ्यांकडून हाच शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत शिरला. घरातून बाहेर गेलेल्या शब्दाचा भाऊ बंदूक आणि टोपी घालून दारात आला आणि कुणी त्याला ओळखलं नाही. घोड्याला टोचायची टाचेवरची लोखंडी अणी, इंग्रजीतला ‘स्पर’, तीही याच गोतावळ्यातली. टाचेपासून पाऊलखूण, पाऊलखुणेपासून माग आणि मागापासून चौकशी, असा हा प्रवास.

विद्वान याच्याही मागे जातात आणि लाथ मारणं, झटकन हलणं अशा अर्थाच्या एका आदिम धातूपाशी पोचतात. आपला संस्कृत ‘स्फुर्’ त्याच धातूचा मानतात. म्हणजे मराठी कवीला पहाटे जे स्फुरतं आणि बॅन्फकडच्या बाईला पडद्याआडून जे दिसतं, ते लांबून का होईना, एकाच कुळातलं. गंमत म्हणजे बाकीच्या विचारणाऱ्यांशीही आपलं असंच भाऊबंदकीचं नातं आहे. इंग्रजीतला ‘आस्क’ आपल्या ‘इच्छे’च्या नात्यातला, जर्मन ‘फ्रागेन’ आपल्या ‘पृच्छे’च्या. इंग्रज विचारतो कारण त्याला काहीतरी हवं असतं. जर्मन रीतसर पृच्छा करतो. स्कॉट मात्र खाली वाकून पावलं बघतो.

आमच्या बाई खरोखरच पावलं बघत. बोलायला लागण्यापूर्वी त्यांची नजर एकदा तुमच्या बुटांवरून फिरून येई. बुटांना वाळू म्हणजे समुद्रावर गेली होती, मग या हवेत समुद्रावर का, तर घरात काहीतरी बिनसलंय. बुटांना लाल माती म्हणजे टरिफकडून आली. (टरिफ हे नकाशावरचं नाव, तिकडे बोलताना ते ‘टरा’ होतं. नाव लिहितात एक आणि बोलतात दुसरं, त्यामुळे कोण बाहेरचं हे पहिल्याच वाक्यात कळतं.) कचऱ्याचे डबे ज्या दिवशी रस्त्यावर ठेवायचे त्या सकाळी बाई नेहमीपेक्षा सावकाश चालत. डबा त्या कधी उघडत नसत, तसला हलकेपणा त्यांच्यात नव्हता. पण झाकण पुरतं लागलं नसेल तर तो दोष डब्याच्या मालकाचा. पार्सलवाल्याची गाडी कुणाच्या दारात किती वेळ थांबली, मासळीच्या व्हॅनवर कुणी नेहमीच्या दोन तुकड्यांऐवजी चार तुकडे हॅडक घेतले, कुणाच्या दुधाच्या बाटल्या वाढल्या, हे सगळं त्यांच्या लेखी उमटलेलं पाऊल होतं. चार तुकडे म्हणजे पाहुणे. पाहुणे असून दारात परकी गाडी नाही, म्हणजे ते बसने आले. बसने आले म्हणजे लेक आली, कारण जावयाने गाडी ठेवून घेतली. जावयाने गाडी ठेवून घेतली म्हणजे... इथे बाई थांबत आणि श्वास आत ओढत म्हणत, “आय.”

हा ‘आय’ म्हणजे होकार. पण उत्तर स्कॉटलंडातले बरेच लोक तो श्वास बाहेर सोडताना न म्हणता आत घेताना म्हणतात. स्वीडन-नॉर्वेतही ‘या’ असाच आत ओढला जातो. पहिल्यांदा ऐकताना माणसाला दम्याचा झटका आला की काय असं वाटतं. त्याचा परिणाम मात्र जबरदस्त असतो. तुम्ही एक वाक्य बोलून थांबलात, समोरून तो आतला ‘आय’ आला, की ती बाई तुमचं दुःख स्वतःच्या छातीत ओढून घेते आहे असं वाटतं आणि तुम्ही दुसरं वाक्य बोलता. पोलिसांना हे शिकवायला हवं.

सरळ प्रश्न त्या भागात होतच नाहीत असं नाही. होतात, पण ते ओळखायला आधी कान तयार व्हावा लागतो. ॲबरडीनच्या आसपासच्या बोलीत, जिला डोरिक म्हणतात, इंग्रजी प्रश्नांचा ‘व्ह’ आणि ‘ह’ जाऊन तिथे ‘फ’ येतो. ‘व्हॉट’चा ‘फिट’, ‘व्हेअर’चा ‘फार’, ‘हू’चा ‘फा’ आणि ‘हाउ’चा ‘फू’. त्यामुळे नवख्याला पहिले काही दिवस सगळे फुंकर घालत बोलताहेत असं वाटतं. रस्त्यात भेटल्यावर ‘फिट लाइक?’ म्हणजे काय म्हणता. आणि जिव्हाळा जरा जास्त असेल तर ‘फूज युअर डूज?’ म्हणजे तुमची कबुतरं कशी आहेत? कबुतरं कुणाकडेच नसतात. तरी उत्तर ठरलेलं: ‘आय पेकिन’, टिपताहेत दाणे. एवढं झालं की दोघं समाधानाने आपापल्या वाटेला लागतात. कुणाला काहीही कळलेलं नसतं. बाईंचा या प्रकाराला मनापासून विरोध होता. त्यांच्या मते ही विचारण्याची नुसती थट्टा होती.

लहान मुलाला मात्र त्या सरळ विचारत. ‘फाज आख्त यी?’ तू कुणाच्या मालकीचा? याचा अर्थ आईबाप कोण. आपल्याकडे मालवणात परक्या पोराला अडवून ‘कोणाचो झील तू?’ म्हणतात, त्याचंच हे उत्तर समुद्रावरचं रूप. माझी मुलगी शाळेतून येताना पहिल्यांदा या प्रश्नात सापडली तेव्हा मालकीचा शब्द ऐकून घाबरली. बाईंनी तिला टॅब्लेट दिलं. (टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे, आणि ज्यावर मुलं खेळतात तेही नव्हे. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची ती वडी असते आणि ती खाताना माणसाला बोलण्याचं भान राहत नाही.) मग आमचे आणखी दोन नातेवाईक बाईंना माहीत झाले.

मूळ गाव, आजोळ, आडनाव हे आपल्याकडचे बोलण्याचे खांब त्यांना फार भावले. सांगली कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मुंबई ठाऊक होती, कारण आईचा एक चुलता बोटीवर इंजिनियर होता आणि ती बोट मुंबईला लागे. तेवढ्या दोरीवरून बाई दोन पिढ्या चढल्या आणि आम्ही जवळजवळ सोयरे निघालो. त्यानंतर त्यांनी मला सगळ्यांसमोर ‘आमची क्वाइन’ म्हणायला सुरुवात केली. क्वाइन म्हणजे पोरगी. चाळिशीतल्या बाईला हे ऐकून बरं वाटतं आणि ती आणखी बोलते.

या बाई अशाच आभाळातून पडलेल्या नाहीत. त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चने गावोगावी वडीलधाऱ्यांची मंडळं नेमली. रविवारी चर्चला कोण आलं नाही, कोण कुणाबरोबर दिसलं, कुणाला लग्नाआधी दिवस गेले, हे सगळं ही मंडळं विचारत आणि लिहून ठेवत. सापडलेल्याला भर प्रार्थनेत सगळ्या गावासमोर उभं राहून प्रायश्चित्त घ्यावं लागे. कवी रॉबर्ट बर्न्सलाही १७८६ साली मॉखलिनच्या चर्चमध्ये तीन रविवार उभं राहावं लागलं होतं. गंमत अशी की विचारण्याची खाज त्याला स्वतःलाही होती. १७८५ साली लिहिलेल्या एका पत्रकवितेत तो सांगतो की सूतकताईच्या बैठकीत एक गाणं ऐकलं आणि ते कुणी केलं याची त्याने तिथेच चौकशी केली. त्यासाठी त्याने वापरलेलं क्रियापद हेच, ‘स्पीर’. सूतकताईच्या बैठकी म्हणजे तर या विद्येची गुरुकुलं. हात चरख्यात, डोळे दारात आणि कान शेजारणीकडे.

त्यात भर धर्मप्रश्नोत्तरीची. १६४७ साली तयार झालेल्या छोट्या प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटिश मुलांनी ते उत्तरांसकट पाठ केले. पहिलाच प्रश्न माणसाच्या जन्माचं मुख्य प्रयोजन काय असा आहे. सहाव्या वर्षी ज्याला हे विचारलंय, त्याला साठाव्या वर्षी शेजाऱ्याने फ्रिज केवढ्याला घेतला हे विचारताना संकोच का वाटावा?

पण या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे सर जॉन सिंक्लेअर. हा अगदी उत्तर टोकाच्या केथनेसचा जमीनदार. १७९० साली त्याने स्कॉटलंडच्या प्रत्येक गावच्या पाद्र्याला एक प्रश्नावली पाठवली. प्रश्न १६०. मग आणखी काही आठवले, तेही पाठवले. जमीन, हवा, मासे, मजुरी, रोग, गुरं, लोकसंख्या, गावातला सगळ्यांत उंच माणूस किती उंच भरला, लोक समाधानी आहेत का, सगळं विचारलं. या चौकशीचं प्रयोजन सांगताना त्याने लिहिलं की देशातल्या लोकांच्या वाट्याला सुखाचं प्रमाण किती आलं आहे ते जाणून ते वाढवण्याचे उपाय शोधायचे आहेत. जर्मनीत राज्यकारभाराच्या माहितीसाठी वापरला जाणारा ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द त्यानेच इंग्रजीत रूढ केला. पाद्री मंडळी कामाला आळशी. सिंक्लेअर पत्रावर पत्र धाडत राहिला. तरीही ज्यांची उत्तरं आली नाहीत त्यांच्या गावी त्याने स्वतःची माणसं पाठवली आणि त्यांना ‘संख्याशास्त्रीय मिशनरी’ असं नाव दिलं. शेवटी ९३८ गावांची माहिती २१ खंडांत छापून झाली, तेव्हा १७९९ साल उजाडलं होतं. हे खंड आजही इतिहासकारांना पुरून उरताहेत. बाईंना मी सिंक्लेअरची गोष्ट सांगितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “लेखी विचारलं की लोक खोटं बोलतात.”

बॅन्फकडच्या एका माणसाने तर आपल्याही घरात येऊन विचारपूस केलेली आहे. जेम्स ग्रँट, पुढे ग्रँट डफ, १७८९ साली बॅन्फमध्येच जन्मला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून साताऱ्यात बसला. छत्रपतींच्या दरबारात, जुन्या घराण्यांत, देवस्थानांत त्याने बखरी, सनदा, वहिवाटी यांची विचारणा सुरू केली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत काढला. त्यावर आपल्या लोकांनी पुढे पुष्कळ टीका केली, आणि करायलाच हवी होती. पण तो साताऱ्याच्या वाड्यात, आधी हवेबद्दल बोलून, मग मुद्दाम एक चुकीचं विधान टाकून समोरचा कारभारी ते दुरुस्त करायची वाट बघत बसला असेल, हे चित्र मला आता डोळ्यांसमोरून जात नाही. कागदावर याचा काही पुरावा नाही. बाईंना पाहिल्यावर मला तो लागतही नाही.

बाईंना एकदाच हार खाताना पाहिलं. जनावरांच्या बाजारातून परतणारा एक म्हातारा शेतकरी बसथांब्यावर उभा होता. चेहरा असा की त्यावर काही उमटतच नव्हतं. गावात बोललं जात होतं की त्याने गुरं विकून शेतीच बंद करायचं ठरवलंय. बाईंनी हवा सांगितली. तो म्हणाला, “आय.” बाई म्हणाल्या, बाजारात गर्दी होती. तो म्हणाला, “होती-नव्हती.” बाईंनी चुकीचं विधान टाकलं: “तुझी सहा गेली म्हणे.” त्याने ते तसंच पडू दिलं. उचललं नाही, दुरुस्त केलं नाही. मी श्वास रोखून पाहत होते. बाईंनी मोर्चा बदलला. याला तिकडे ‘बॅकस्पीर’ म्हणतात, म्हणजे मागच्या दाराने शिरून तोच प्रश्न पुन्हा विचारणं, वकील साक्षीदाराला उलटसुलट घेतात तसं. बाई म्हणाल्या, “मुलगा खूश असेल आता.” म्हातारा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “फूज युअर डूज?”

बाई गप्प झाल्या. बस आल्यावर तो आधी चढला. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “विकली. सगळी.” मी विचारलं, कशावरून? “कुत्रा बरोबर नव्हता,” त्या म्हणाल्या.

त्यांच्यापुढे कुणी त्यांना ‘चौकस’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यांच्या मते गप्पा मारणारा माणूस वेगळा, चहाडी करणारा वेगळा (त्याला तिकडे ‘क्लाइप’ म्हणतात आणि शाळेच्या पहिल्याच वर्षी मुलं त्याचा तिरस्कार करायला शिकतात) आणि स्पीर करणारा वेगळा. मिळालेली बातमी बाई पुढे देत नसत. साठवत. दोन वर्षांनी एखाद्या घरी मूल आजारी पडलं, तर त्या घरात कुणाला कुठल्या औषधाचा त्रास होतो हे बाईंना पाठ असे आणि त्या रात्री अकराला सूप घेऊन दारात उभ्या राहत. भरपूर मिठाचं ते सूप न पिता परत केलं, तर तेही कुठेतरी जमा होत असे.

या शब्दाचे हळवे उपयोगही आहेत. माणसाने एखाद्या मुलीला लग्नाचं विचारलं तर तिकडे त्याने तिला ‘स्पीर’ केलं असं म्हणतात. हे ऐकून माझ्या मनातला मराठी माणूस चमकला, कारण आपण नेमकं हेच करून बसलोय. मृग म्हणजे रानातलं जनावर. त्याच्या जाण्या-येण्याची वाट तो मार्ग. मार्गाचा मराठीत झाला माग. आणि मार्ग् म्हणजे शोधणं, त्यातून आलं आपलं ‘मागणं’. मग मुलीला ‘मागणी’ घालायची. दोन टोकांच्या दोन भाषा, शिकाऱ्याच्या वाटेने निघून दोन्ही लग्नाच्या मांडवात पोचल्या. याहून विचारात पाडणारा उपयोग दुसराच. कुणाची विचारपूस केली, तर तिकडे ‘ती तुझ्यासाठी स्पीर करत होती’ असं सांगतात. पोस्टात, दुकानात, दवाखान्यात बाई दर वेळी निरोप देत: आईला मी विचारलं म्हणून सांग. शब्दाला शब्द हेच. सासूबाईंना फोनवर हा निरोप मिळे तेव्हा त्या सांगलीहून उलट विचारत, “त्यांचे गुडघे कसे आहेत?” दोघी कधी भेटल्या नाहीत, पण त्यांच्यात माझ्यामार्फत अव्याहत देवाणघेवाण चालू होती आणि त्यात मध्यस्थाची किंमत शून्य होती.

या शब्दाची पाळंमुळं मी ज्या दिवशी वाचली, त्या दिवशी मोठ्या उत्साहाने बाईंना सांगायला गेले. माग, पावलं, आइसलँड, आफ्रिका, सगळं सांगितलं. बाईंनी चहा ओतता ओतता ऐकलं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“शब्दकोशात आहे. स्कॉट्स भाषेचा राष्ट्रीय शब्दकोश, दहा खंड.”

“कुणी केला?”

“१९३१ पासून निघत होता. आधी विल्यम ग्रँट संपादक होते. मग १९४६ पासून डेव्हिड म्युरिसन. त्यांनी १९७६ साली तो पुरा केला.”

किटली मध्येच थांबली. “म्युरिसन? कुठले म्युरिसन?”

“फ्रेझरबरोचे. तिथेच जन्म, १९१३ चा.”

“फ्रेझरबरोचे.” बाईंनी श्वास आत ओढला. “आय. बंदराकडचे की वरच्या अंगाचे?”

“ते नाही माहीत.”

“तीस वर्षं एकच काम. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचला?”

“पोचले.”

“आणि बायको काही बोलली नाही?”

“शब्दकोशात ते दिलेलं नाही.”

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दहाही खंड माझ्या हातून निसटून खाली पडल्याचा भास झाला. मग त्यांनी चहा पुरता ओतला, किटलीवर लोकरीची टोपी घातली आणि कोट चढवायला लागल्या.

“फ्रेझरबरोला माझी नणंद असते,” त्या म्हणाल्या. “साडेतीनची बस मिळेल. तू बस, चहा पी. आणि हो, तुझा नवरा शुक्रवारी येतो ना?”

“गुरुवारी.”

“गुरुवारी,” बाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.